भरताचे हरिण आणि आंबवड्याचा तांबड्या

(अभ्यासपाठ)



सज्जनहो, आजचा विषय वाचून काहींना हसू येईल, काहींना रागही येईल. विषय आहे कुत्र्याचा. टाकून दिलेले कुत्रे घरी आणावे की नाही, आणले तर त्याचे काय करावे, आणि ते गेल्यावर माणसाला जे रडू येते ते मोहाचे की आणखी कशाचे, एवढाच विचार आज करायचा आहे. हा विषय पोथी चाळताना सुचलेला नाही, आमच्या घरात घडलेला आहे. म्हणून आधी हकीकत सांगतो, मग शास्त्र पाहू आणि शेवटी आचरण पाहू.

हकीकत

आमचे गाव आंबवडे, तालुका भोर. श्रीनागेश्वराचे देऊळ, दाट झाडी, संस्थानी काळातला झुलता पूल आणि खाली वाहणारा ओढा, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना जागा ओळखीची आहे. पहाटे स्नान करून नागेश्वरास पाणी घालायला जायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम.

चार वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. थंडी कडक होती. पुलाच्या अलीकडे वाटेतच एक तांबड्या रंगाचा कुत्रा पडला होता. बरगड्या मोजून घ्याव्या इतका वाळलेला. गळ्याभोवती नायलॉनची दोरी कातड्यात रुतून बसलेली, तिचा कुरतडलेला शेव लोंबत होता, आणि जखमेत किडे पडले होते. वास असा की नाकाला पदर लावावा.

आता जे मनात आले ते खरे खरे सांगतो. पहिला विचार आला तो असा की, हा अंगाला लागला तर पुन्हा स्नान करावे लागेल. मी बाजूने वळसा घालून गेलो. नागेश्वराला पाणी घातले, रुद्र म्हटला, आणि परत आलो, तो कुत्रा तिथेच. घरी येऊन सहज बोललो. आमची मंडळी चुलीपाशी होती. तिने काही उपदेश केला नाही, एवढेच विचारले, "अहो, तांब्यात पाणी उरलं होतं का?" पाणी उरले होते. ते मी तुळशीला घातले होते.

ती उठली. ताकात भाकरी कुस्करून घेऊन गेली. आम्ही जवळ उभे होतो तोवर त्याने तोंड लावले नाही. दूर होऊन पाठ केली तेव्हा भांडे चाटून पुसून ठेवले.

हा कुत्रा वरच्या अंगाच्या एका शेतघरातला, असे पुढे कळले. मालक शहरातले. सुट्टीत मुलांना खेळायला म्हणून पिलू आणले, दोरीने बांधले, सुट्टी सरली. पिलू वाढले, दोरी वाढली नाही. मंडळींचे येणे थांबले, राखणदारही काम सोडून गेला. त्या घरच्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. नाव घेतले की ते एकटे दोषी ठरतात आणि आपण सारे सुटतो. तो दोरी तोडून गावात हिंडत होता त्याला दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत साऱ्या गावाने त्याला पाहिले होते. दगड मारणारे होते, हाकलणारे होते. पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्यांत मीही होतो.

भोरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. तोंडाला फडके बांधून दोरी कापून काढली, किडे काढले, औषध भरले, पुढे श्वानदंशाच्या रोगाची लसही टोचली. तीन आठवडे रोज जखम धुवायची होती. पहिले चार दिवस मी नुसता दिवा धरून उभा राहिलो. पाचव्या दिवशी मंडळींचा हात भाजला होता, म्हणून मला हात लावावा लागला. त्या दिवसापासून तो माझा झाला, किंवा मी त्याचा झालो म्हणा.

जखम भरली, पण गळ्याभोवती केस काही परत आले नाहीत. पांढुरका वळ राहिला, माळ घातल्यासारखा. गावातली पोरे त्याला माळकरी म्हणू लागली. आम्ही म्हणायचो तांबड्या. वाळत घालायची दोरी ताणली तरी तो बैलगाडीखाली जाऊन बसे, म्हणून आम्ही त्याला एक दिवसही बांधले नाही. पडवीत निजे, पडवीतच खाई, देवघराच्या उंबऱ्याशी कधी आला नाही. संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की दाराबाहेर येऊन पडायचा. बुवांचा कुत्रा हरिपाठाला बसतो, असे लोक कौतुकाने सांगत. खरे सांगतो, हरिपाठ संपला की भाकरी मिळते हे त्याला कळले होते. पण श्रोतेहो, प्रसाद नसेल तर आपल्यातले तरी किती जण शेवटपर्यंत बसतील?

तीन वर्षे अशी गेली. गेल्या दिवाळीनंतर तो पाणी फार पिऊ लागला आणि अंगाने उतरला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडे थकली आहेत, सलाईन देऊ, पण फार दिवसांचा भरवसा धरू नका.

माघात वेल्ह्याकडच्या एका गावी सप्ताह होता. तिसऱ्या दिवसाची कीर्तनसेवा माझ्याकडे होती, तिला शब्द देऊन दोन महिने झाले होते. निघालो त्या दिवशी तांबड्याने दोन दिवस अन्न घेतले नव्हते. तरी तो उठला, एस.टी.च्या थांब्यापर्यंत मागून आला आणि बसला. मी त्याला म्हटले, "येतो रे." गाडी आली, मी चढलो.

त्या रात्री मी दृष्टांताला राजा भरताची कथा लावली. हरिणात जीव गुंतला आणि एवढा मोठा तपस्वी हरिणाच्या जन्माला गेला, म्हणून बाबांनो, कशात जीव गुंतवू नका, असे मी सांगत होतो. टाळकरी उत्तम होते, श्रोते रंगले होते. आणि माझे मन पडवीत होते.

दुसऱ्या दिवशी घरी आलो, तो पहाटेच गेला होता. मंडळींनी शेवटी तोंडात गंगेचे पाणी घातले होते. शेताच्या बांधावर कमरेइतका खड्डा घेतला, मीठ घातले, ठेवला. स्नान केले. जेवणाच्या पानावर बसलो आणि घास काही उतरेना. तीन दिवस असेच गेले. तेव्हा आमच्या टाळकऱ्यांतले एक वृद्ध गृहस्थ, मला वडिलांच्या ठिकाणी, घरी आले आणि म्हणाले, "बुवा, माणसाचं सुतक दहा दिवसांचं. कुत्र्याचं किती धरणार? परवा तर तुम्हीच भरत सांगून आलात."

मला उत्तर देता आले नाही. ज्याच्या पायाशी बसून शिकलो त्या पोथीने मला उघडे पाडले होते. त्या दिवशी पंचम स्कंध पुन्हा काढला. हा पाठ तिथून निघाला आहे.

पूर्वपक्ष

शास्त्राभ्यासाची रीत अशी की, विरुद्ध पक्ष आधी मांडावा आणि तो लेचापेचा करून मांडू नये. तो असा:

पहिला आक्षेप: कुत्रा अशुची. त्याला घरात थारा देणे आचाराला सोडून आहे.

दुसरा आक्षेप: कुत्र्याचे लाड आणि कुत्र्यासाठी रडणे ही अलीकडची शहरी हौस आहे. आपल्या लोकांत हे कधी नव्हते.

तिसरा आणि सर्वांत बळकट आक्षेप: ममता हेच बंधन. भरत राजाचे उदाहरण तर आहेच. शिवाय एकादश स्कंधात अवधूताने कपोताला गुरू केले ते ह्याचसाठी. पिलांच्या आणि कपोतीच्या मागे त्याने जाळ्यात उडी घेतली. नाथमहाराजांनी त्यावर केलेली टीका आपण पारायणात वाचतो. मग वारकऱ्याने कुत्र्यासाठी शोक कसा करावा?

पहिल्या आक्षेपाचे समाधान

ज्या स्मृती कुत्र्याला अशुची म्हणतात, त्याच स्मृती गृहस्थाला काय सांगतात ते पाहा. वैश्वदेव झाल्यावर गृहस्थाने स्वतः जेवण्यापूर्वी भूतबली ठेवावा. त्यात कुत्र्यासाठी, कावळ्यासाठी, किड्यामुंगीसाठी, पतितासाठी आणि रोग्यासाठी अन्न जमिनीवर ठेवावे, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे. म्हणजे कुत्रा देवघरात येऊ नये हे जसे शास्त्र, तसे तो उपाशी राहू नये हेही शास्त्रच. आपण पहिले अर्धे पाठ केले आणि दुसरे अर्धे सोडून दिले. सोवळे सांभाळणे अवघड नव्हते. आमच्या घरी तांबड्या पडवीत राहिला, देव देवघरात राहिले, कोणाचे काही बिघडले नाही. अवघड होते ते वळसा न घालणे.

गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टीचे लक्षण सांगताना भगवंतांनी विद्वान ब्राह्मण, गाय आणि हत्ती ह्यांच्या बरोबरीला श्वानाचे नाव मुद्दाम घेतले आहे. गाईचे नाव घेऊन थांबले असते तर आपल्याला सोपे गेले असते. माउलींनी पसायदानात भूतमात्रांची एकमेकांशी मैत्री व्हावी असे मागितले, त्या भूतमात्रांतून कुत्र्याला वगळलेले नाही. रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो. तीच वाट चालताना कुत्रे आडवे आले की हातात दगड घेतो. हा भेद कोणी शिकवला ते ज्याने त्याने शोधावे.

दुसऱ्या आक्षेपाचे समाधान

ह्याचे उत्तर आमच्या आंबवड्यातूनच निघते. येथे श्रीशंकराजी नारायण सचिव ह्यांची समाधी आहे. राजाराम महाराजांच्या मागे महाराणी ताराबाईंशी निष्ठेची शपथ घेतलेली, इ.स. १७०७ मध्ये थोरले शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. शपथ मोडावी की छत्रपतींच्या वारसाविरुद्ध शस्त्र धरावे, ह्या पेचात त्यांनी त्याच वर्षी येथे जलसमाधी घेतली, असे सांगतात. एवढ्या थोर पुरुषाच्या पेचाशी माझा पेच मोजायचा नाही. पण दोन शब्दांच्या मधे सापडलेला माणूस म्हणजे काय, हे त्या समाधीपाशी उभे राहिले की समजते.

आता ज्या शाहू महाराजांपायी हा प्रसंग आला त्यांचे पुढचे चरित्र पाहा. त्यांना आपल्या कुत्र्याचा फार लळा होता. शिकारीत वाघापासून त्या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला, म्हणून त्याच्या नावे जहागिरीची सनद करून दिली आणि पालखीचा मान दिला, ही हकीकत स्कॉटिश इतिहासकार ग्रँट डफ ह्यानेही नोंदवली आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा ह्यांच्या संगमावर, खंड्या नावाच्या त्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शाहू महाराज वारले इ.स. १७४९ मध्ये. म्हणजे कुत्र्याच्या उपकाराची आठवण दगडात घडवणे ही आपल्या मुलखात पावणेतीनशे वर्षांपूर्वीची रीत आहे. रायगडावरच्या वाघ्याविषयी विद्वानांत वाद आहे, त्यात येथे शिरत नाही. माहुलीचे उदाहरण पुरेसे आहे.

मात्र खंड्याने राजाचा जीव वाचवला होता. तांबड्याने माझा जीव वगैरे काही वाचवला नाही. साप आला तर तो माझ्याआधी पळत असे. ज्याचा काही उपयोग नाही अशा जिवाचे आपण काय लागतो, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी महाभारताकडे जाऊ.

धर्मराज आणि कुत्रा

नामदेवरायांची गोष्ट सर्वांना पाठ आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि कोरडी भाकरी कशी खाशील म्हणून नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ही कथा लावली की कीर्तन रंगते, कारण श्रोत्यांना आधीच ठाऊक असते की तो कुत्रा म्हणजे साक्षात पांडुरंग. महाप्रस्थानिक पर्वातही तसेच. द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकेक पडत गेले, आणि धर्मराजाच्या मागे एकटा कुत्रा उरला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, चल, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. धर्मराजाने नकार दिला. शेवटी तो कुत्रा म्हणजे यमधर्म निघाला.

आपण ही कथा शेवटाकडून वाचतो, म्हणून चुकतो. धर्मराजाने नकार दिला तेव्हा ते त्याला ठाऊक होते काय? नव्हते. त्याच्यापुढे होता तो नुसता कुत्रा, आणि त्या नुसत्या कुत्र्यासाठी त्याने स्वर्ग नाकारला. त्याची परीक्षा तेवढ्यापुरतीच होती. देव आहे असे कळल्यावर तूप घेऊन कोणीही धावेल. तांबड्याने शेवटपर्यंत रूप बदलले नाही. तो कुत्रा म्हणून आला, कुत्रा म्हणून गेला. आणि सज्जनहो, तुमच्या माझ्या दारात जे येणार आहे ते असेच, रूप न बदलणारे येणार आहे.

ह्या संवादात इंद्राने एक मर्मभेदी प्रश्न टाकला आहे. तो म्हणतो, भावांना सोडलेस, द्रौपदीला सोडलेस, मग कुत्र्याला का सोडत नाहीस? धर्मराजाचे उत्तर नीट लक्षात ठेवावे. तो म्हणतो, मेलेल्यांशी संधीही नसते आणि विग्रहही नसतो. त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते, म्हणून मी पुढे निघालो. जिवंत असताना मी त्यांतल्या एकालाही सोडले नाही. आणि शरण आलेल्याला, आपल्यावर भाव ठेवणाऱ्याला जिवंतपणी सोडणे हे स्त्रीवध, मित्रद्रोह ह्यांच्या तोडीचे पाप आहे.

ह्यातून दोन नियम निघतात. जो जिवंत आहे त्याला सोडू नये. जो गेला त्याला धरून बसू नये. शेतघरवाल्यांनी पहिला नियम मोडला. तीन दिवस घास न उतरणाऱ्या मी दुसरा मोडत होतो. आणि पहिला मीही मोडला होता काय? एस.टी.त चढलो तेव्हा तो जिवंत होता, थांब्यावर बसला होता. मंडळी घरी होती, तो एकटा नव्हता, सप्ताहाला शब्द दिलेला होता, हे सारे खरे. तरी ह्या प्रश्नाचे पूर्ण समाधान मला आजही झालेले नाही, आणि झाल्याचे सोंग मी ह्या पानावर करणार नाही. एवढे मात्र शिकलो की, घरात आजारी जीव असेल तर सेवेला दुसरे बुवा मिळतात. निरोप पाठवायला लाज वाटू नये.

भरताचे नेमके काय चुकले?

आता तिसरा, बळकट आक्षेप. पंचम स्कंधाच्या आठव्या अध्यायात कथा अशी आहे. ऋषभदेवांचा पुत्र राजा भरत राज्य सोडून गंडकीच्या काठी पुलहाश्रमात तप करीत होता. एक गरोदर हरिणी पाणी प्यायला आली. सिंहाची गर्जना ऐकून तिने भयाने उडी घेतली, पाडस प्रवाहात पडले, ती पलीकडे जाऊन मेली. भरताने वाहून चाललेले ते पाडस उचलले आणि आश्रमात आणले.

येथे थांबा. पाडस उचलले ह्याबद्दल ग्रंथ त्याला दोष देतो काय? देत नाही. आप्त नसलेल्या जिवाची त्याला करुणा आली, एवढेच सांगतो. दोष पुढे येतो. हळूहळू त्याचे यमनियम सुटले, पूजा सुटली, एकेक करीत थोड्याच दिवसांत सारे गेले. हरिण जरा दिसेनासे झाले की तो वेड्यासारखा बडबडू लागला. आणि अंतकाळी पुत्रासारखे शेजारी बसलेल्या हरिणाकडे पाहत त्याने देह ठेवला, म्हणून पुढचा जन्म हरिणाचा आला. म्हणजे दया चुकली नाही. त्या एका हरिणापलीकडचे जग त्याच्यापुरते मिटले, ते चुकले.

आपण कीर्तनकार कथा येथेच थांबवतो. वेळ झालेली असते, श्रोत्यांना धडाही मिळालेला असतो. मीही तीस वर्षे येथेच थांबत आलो. त्या माघात पोथी पुन्हा काढली तेव्हा पुढे वाचले, आणि वाचता वाचता माझ्या डोळ्यांवरची झापड गेली.

हरिणाच्या जन्मात त्याला पूर्वस्मृती होती. तो देह सुटला. तिसरा जन्म ब्राह्मणाच्या घरी आला, तोच आपला जडभरत. आता कशात गुंतायचे नाही म्हणून वेड पांघरून राहिला. सिंधु-सौवीरांचा राजा रहूगण पालखीतून चालला होता, भोई कमी पडला, म्हणून ह्या दांडग्या माणसाला पकडून दांडीला जुंपले. पालखी हिसके खाऊ लागली. राजा रागावला, टोचून बोलला. हिसके का बसत होते? जडभरत एका बाणाच्या अंतरापर्यंतची जमीन पाहून मगच पाऊल टाकीत होता. टीकाकार सांगतात, पायाखाली कोणी जीव चिरडू नये म्हणून. बाकीच्या भोयांशी त्याची चाल जुळेना ती त्यामुळे.

सज्जनहो, हरिणापायी ज्याचे दोन जन्म खर्ची पडले त्याने तिसऱ्या जन्मी काय शिकून यावे? दया टाकून यावे? तसे असते तर तो मुंग्या तुडवीत ताठ चालला असता आणि राजाची बोलणीही खाल्ली नसती. तो दया वाढवून आला. एका हरिणावरची माया फुटली आणि वाटेवरच्या किड्यामुंगीपर्यंत पसरली. ममतेवरचे औषध कठोरपणा नव्हे. एका ठिकाणी साचलेली माया पुढे वाहती करणे हे औषध. आमच्या भाताच्या खाचरांत पहा, पाणी एकाच खाचरात तुंबले की तिथले रोप कुजते आणि खालचे वाळते. म्हणून कोणी पाणी शिंपून टाकीत नाही. बांधाला वाट करून देतो.

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर असे. कुत्र्याचे सुतक शास्त्रात नाही, स्नानाने काम झाले. पण दुःख झाले ह्यात लाज नाही, ते होणारच. तीन वर्षे ज्याची जखम धुतली, ज्याला भाकरी घातली, तो गेल्यावर काहीच वाटले नाही तर आधीची माया खोटी होती म्हणायची. दुःखाने नेम मोडू द्यायचा नाही आणि दार लावून घ्यायचे नाही, एवढेच आपल्या हाती आहे. पुन्हा कुत्रा नको, फार त्रास होतो, असे लोक म्हणतात. त्रास होतो हे खरे. पण तसे म्हणून दार लावणाऱ्याच्या बाहेर कोणीतरी दोरी रुतलेला पडलेला असतो.

आचरण

पाठ ऐकून आचरण नसेल तर तो नुसता गळ्याचा व्यायाम. म्हणून थोडक्यात सांगतो.

१. पिलू हौसेने आणू नका. आणले तर दहाबारा वर्षे आपली, असे समजून आणा. गळ्यातला पट्टा दर महिन्याला सैल करून पहा. दोन बोटे सहज आत गेली पाहिजेत.

२. बांधून निघून जाऊ नका. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे, आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणे हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. धर्माने तर तो आधीच होता.

३. श्वानदंशाच्या रोगाची लस कुत्र्याला वेळेवर आणि दरवर्षी टोचून घ्या. माणसाला कुत्रे चावले तर हळद, चुना, मिरची, मंत्रतंत्र ह्यांत वेळ घालवू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. सांगितलेल्या साऱ्या मात्रा पुऱ्या करा. ह्या रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दया करणाऱ्याने डोळस असावे.

४. कुत्र्याला गोडधोड प्रसाद घालू नका. मनुका, बेदाणे, कांदा, चॉकलेट त्याला बाधतात. साधी भाकरी आणि स्वच्छ पाणी घाला.

५. हे खास वारीच्या मंडळींसाठी. मुक्कामावर एखादे कुत्रे दिंडीला लागते, आपण कौतुकाने खाऊ घालतो, ते मैलोन्‌मैल मागे येते. पंढरी आली, दर्शन झाले, आपण गाडीत बसून घरी. ते मात्र परक्या मुलखात, परक्या कुत्र्यांत सापडते. शरणागताचा त्याग म्हणतात तो हाच. त्याला त्याच्या गावात खायला द्या, पण मागे चुचकारून नेऊ नका. नेलेच, तर घरापर्यंत न्या.

६. आपला जीव गेल्यावर त्याच्या नावाने चार दिवस तरी दुसऱ्या उपाशी जिवाला घास घाला. पाचव्या दिवशी तो हात आपोआप पुढे होतो, हा अनुभव आहे.

चैत्रात आमच्याच गावी कीर्तन झाले. मी पुन्हा भरत घेतला. ह्या वेळी हरिणाशी थांबलो नाही. पालखी आणि मुंग्यांपर्यंत आलो. अर्धा तास उशीर झाला, त्याबद्दल श्रोत्यांची क्षमा मागितली. ते वृद्ध गृहस्थ टाळ घेऊन उभे होते. कीर्तनानंतर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलापाशी भेटले. तिथे अलीकडे तीन कुत्री येतात, त्यांना मी भाकरी टाकीत होतो. जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बुवा, ती लस भोरला कोणत्या वारी टोचतात?"

मी वार सांगितला, आणि तांब्यातले उरलेले पाणी कुत्र्यांच्या भांड्यात ओतून घरी आलो.

रामकृष्णहरि.